बानाखतावर (म्हणजे साठेखतावर) सही करताना तुमच्या बाजूने कोण बसलंय? (वडोदरा, नवीन घर)

सूरसागर

भायली, सेवासी, न्यू समा, वाघोडिया रोड, सगळीकडे बुकिंग जोरात आहे. दर आठवड्याला कुणीतरी विचारतं, "बानाखत वाचायला वेगळा वकील कशाला? बँक सगळं बघतेच की." दरवेळी तेच टंकण्यापेक्षा एका जागी लिहून ठेवू म्हणून हा धागा.

बिल्डरच्या ऑफिसात टेबलाभोवती कोण कोण असतं ते आधी मोजा. बिल्डरचा वकील: मसुदा त्याने लिहिलेला, त्याची फी 'लीगल चार्जेस' म्हणून तुमच्याकडून घेतलेली, पण त्याचा अशील बिल्डर. बँकेच्या पॅनेलवरचा वकील: उद्या हप्ते थकले तर हे घर विकून बँकेचे पैसे निघतील का, एवढाच त्याचा प्रश्न. अहवाल बँकेला जातो, तुम्हाला प्रत मिळेलच असं नाही. ताबा दोन वर्षं लांबला तर तुम्हाला काय मिळणार, हे तो वाचतही नाही. दलाल: सौदा झाला तरच त्याचे पैसे. आणि सब-रजिस्ट्रार: तो दस्ताची नोंदणी करतो, विकणाऱ्याची मालकी खरी आहे असं प्रमाणपत्र देत नाही. हा शेवटचा गैरसमज सगळ्यात महाग पडतो.

म्हणजे चार जण, आणि त्यात तुमचा कुणी नाही.

क्रम साधारण असा असतो: टोकन, बुकिंग फॉर्म, बानाखत, बांधकामाचे हप्ते, बीयू परवानगी (भोगवटा प्रमाणपत्र), पक्का दस्तावेज. लोक वकिलाकडे जातात ते बानाखताच्या आदल्या दिवशी. तोवर टोकन गेलेलं असतं, बुकिंग फॉर्मच्या मागच्या बाजूवर सही झालेली असते, कधीकधी लोनही मंजूर झालेलं असतं. वकील लागतो तो टोकनच्या आधी.

एक आकडा पाठ करून ठेवा. रेरा, म्हणजे घरखरेदीदारांच्या संरक्षणाच्या कायद्याच्या (2016) कलम 13 प्रमाणे करार करून त्याची नोंदणी होईपर्यंत बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. 52 लाखांच्या फ्लॅटला 5,20,000. "आत्ता 20 टक्के द्या, बानाखत दिवाळीनंतर करू" असं कुणी म्हटलं तर तिथेच थांबायचं.

पिंपळपार

बुकिंग फॉर्मबद्दल थोडी भर.

हा कागद चार ओळींचा वाटतो, पण रद्द करण्याच्या अटी त्यातच असतात. "बुकिंग रद्द केल्यास भरलेल्या रकमेतून योग्य ती वजावट करून उरलेली रक्कम सदर युनिटची पुन्हा विक्री झाल्यावर परत करण्यात येईल." यातला एकेक शब्द बघा. 'योग्य ती' म्हणजे किती ते लिहिलेलं नाही. 'पुन्हा विक्री झाल्यावर' म्हणजे कधी तेही नाही. पेनाने खोडून तिथे वजावटीचा रुपयांतला आकडा आणि परताव्याचे दिवस लिहून घ्यावेत, बाजूला दोघांच्या सह्या.

"लोन नामंजूर झालं किंवा टायटलमध्ये (मालकीहक्कात) अडचण निघाली तर पूर्ण टोकन 15 दिवसांत परत" ही ओळ याच कागदावर घालून घ्या. टोकन देण्याआधी मागितली तर बहुतेक जण देतात. नंतर मागितली की "साहेबांना विचारून सांगतो".

टीकाकार

सगळं ठीक आहे, पण जमिनीवर काय होतं ते बोलू. वकील कितीही चांगला लावा, बिल्डर छापील मसुद्यातला स्वल्पविराम हलवत नाही. "दोनशे जणांनी सही केलीय, तुम्हालाच काय अडचण?" मग वकिलाची फी कशासाठी?

मुद्दल

@टीकाकार, मसुदा बदलत नाहीत हे बरंचसं खरं. तरी फी वाया जात नाही, आणि त्याची कारणं आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे मसुदा गुप्त नसतो. 500 चौ.मी. पर्यंतचा भूखंड किंवा 8 पर्यंत युनिट ही कायद्यातली सूट सोडली तर प्रकल्पाची रेरा नोंदणी लागते, आणि नोंदणी करताना कराराचा मसुदा द्यावा लागतो. गुजरेराच्या (गुजरातच्या रेरा प्राधिकरणाच्या) साईटवर प्रकल्प उघडा (नंबर पीआर/जीजे/वडोदरा असा सुरू होतो). करार, मंजूर नकाशे, टायटल रिपोर्ट, पूर्णत्वाची तारीख, तिमाही प्रगती, सगळं बघता येतं. वकिलाचं पहिलं काम म्हणजे तुमच्या हातात दिलेला मसुदा त्या मसुद्याशी आणि नियमांतल्या नमुना कराराशी ओळीला ओळ लावून बघणं. दोन्हींत फरक निघाला की "आम्ही मसुदा बदलत नाही" हे वाक्य बिल्डरला गिळावं लागतं, कारण बदल त्यानेच केलेला असतो.

दुसरी गोष्ट उशिराच्या कलमाची. हे उदाहरण नीट बघा, कारण पैसा इथे आहे.

मसुद्यात असतं: "ताबा अंदाजे डिसेंबर 2027. साहित्याची टंचाई, मजुरांची टंचाई, सरकारी मंजुरीस विलंब अथवा बिल्डरच्या नियंत्रणाबाहेरील कोणतेही कारण वगळता. त्यानंतर 6 महिने सवलत. त्यापुढे दरमहा दर चौ. फुटास 5 रुपये भरपाई."

'अंदाजे' काढून रेराच्या साईटवरची तारीख टाकायला सांगा. मजूर मिळत नाहीत हा धंद्यातला रोजचा धोका आहे. कायद्यातली अटळ आपत्ती म्हणजे युद्ध, पूर, दुष्काळ, आग, वादळ, भूकंप किंवा तशीच नैसर्गिक आपत्ती, त्यात सिमेंटची टंचाई बसत नाही. आता भरपाई. समजा 1,450 चौ. फूट, 40 लाख भरलेत, 9 महिने उशीर. 5 रुपयांच्या हिशोबाने महिना 7,250, एकूण 65,250. रेराच्या कलम 18 खाली तुम्ही घर सोडलं नाही तर ताबा मिळेपर्यंत दर महिन्याचं व्याज मिळतं. गुजरातच्या नियमांत दर आहे स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआरवर (कर्जाच्या मूळ दरावर) आणखी 2 टक्के. समजा तो 10.75 भरला, तर तेच 9 महिने 3,22,500 होतात. कायद्याच्या व्याख्येत दोन्ही बाजूंना एकच दर आहे. तुमचा हप्ता चुकला की 18 टक्के आणि त्याचा ताबा चुकला की 5 रुपये, ही सोय कायद्याने ठेवलेली नाही.

अशा एकतर्फी करारांवर सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये पायोनिअर अर्बन प्रकरणात साफ म्हटलं की सही केली म्हणून अशी कलमं खरेदीदाराला बांधत नाहीत. म्हणून सही करून नंतर भांडू म्हणायचं? भांडण वर्षानुवर्षं चालतं आणि ईएमआय दर महिन्याला कापला जातो.

तिसरी गोष्ट अशी की छापील पानं बदलत नसली तरी जोडपत्रं बदलतात. पार्किंगचा नंबर, फिटिंग्जचे ब्रँड, मेंटेनन्स किती महिन्यांचा, हे सगळं अनेक्श्चरमध्ये लिहून मिळतं. "तोंडी ठरलंय" ते तोंडातच राहतं.

सूरसागर

+1. शिवाय दोन कलमं अशी, जी कुणीच वाचत नाही, कारण ती कंटाळवाण्या पानांवर असतात.

एक: "खरेदीदाराने सर्व कागदपत्रे तपासली असून त्याचे पूर्ण समाधान झाले आहे." न बघता यावर सही केली तर उद्या टायटलच्या वादात हेच वाक्य तुमच्यासमोर ठेवतात. किमान त्याखाली बघितलेल्या कागदांची यादी तारखांसह जोडा. (टायटलच्या दोषाने नुकसान झालं तर कलम 18 मधल्या भरपाईच्या दाव्याला मुदतीची आडकाठी नाही, हे लक्षात असू द्या.)

दुसरं: "नकाशातील कोणत्याही फेरफारास खरेदीदार याद्वारे आगाऊ संमती देत आहे." कलम 14 प्रमाणे इमारतीच्या मंजूर नकाशात मोठा बदल करायला दोन तृतीयांश खरेदीदारांची आधी लेखी संमती लागते. दोनशे जणांनी डोळे मिटून आगाऊ संमती दिलेली असली की बागेच्या जागी आणखी एक टॉवर उभा राहतो. खोडून घ्या. खोडत नसतील तर निदान "माझ्या युनिटचं क्षेत्र, दिशा, मजला आणि कॉमन जागा वगळून" एवढं घाला.

चौकडी

जमिनीचे कागद. हा प्रतिसाद लांब होणार. चहा घेऊन बसा.

आपल्याकडे नवीन स्कीम बहुतेक जुन्या शेतजमिनीवर आहेत. त्यामुळे इमारत 2025 ची असली तरी भानगड 1985 ची असू शकते. वकिलाने किमान 30 वर्षांचा शोध घ्यावा, आणि तो फक्त बिल्डरने दिलेल्या फाइलवरून नव्हे. एनीआरओआरवर (गुजरातच्या जमीन नोंदींच्या साईटवर) 7/12 आणि 8-अ कुणालाही बघता येतात, पण खरी गोष्ट हक्कपत्रकातल्या नोंदींत, म्हणजे गावनमुना 6 मध्ये असते. जमीन कुणाकडून कुणाकडे आणि कशी गेली, ते नोंदीनोंदीने वाचायचं.

जास्तीत जास्त दोष निघतात ते असे. मूळ शेतकरी वारला, वारसनोंद फक्त मुलग्यांच्या नावाने झाली, बहिणींची नावं नाहीत आणि त्यांचा नोंदणीकृत हक्कसोडही नाही. 2005 च्या दुरुस्तीनंतर मुलींचा वडिलोपार्जित मालमत्तेतला हक्क मुलांइतकाच आहे, त्यामुळे हा दावा पंधरा वर्षांनीही उभा राहतो. मग 'नवी शरत' (विक्रीवर बंधन असलेली जमीन) किंवा कुळकायद्याच्या कलम 43 चा शेरा. अशी जमीन कलेक्टरची परवानगी आणि प्रीमियम भरल्याशिवाय विकता येत नाही. परवानगीचा हुकूम आणि प्रीमियम भरल्याची पावती, दोन्ही बघा. हुकूम असतो, पावती नसते असंही होतं. तिसरं म्हणजे एनएचा (बिनशेतीचा) हुकूम रहिवासी वापरासाठी आहे की दुसऱ्या, आणि पूर्ण क्षेत्रासाठी आहे की काही भागासाठी.

त्यानंतर टीपी स्कीम, म्हणजे नगररचना योजना. मूळ सर्व्हे किंवा ब्लॉक नंबर, टीपी क्रमांक, एफपी (फायनल प्लॉट) क्रमांक आणि एफपीचं क्षेत्र, ही साखळी रजाचिठ्ठी (बांधकाम परवाना), एनए, रेरा आणि बानाखत या चारही ठिकाणी तंतोतंत जुळली पाहिजे. टीपीमध्ये कपात होऊन जागा सरकते. बानाखतात मूळ सर्व्हेचं क्षेत्र आणि रजाचिठ्ठीत एफपीचं क्षेत्र असेल तर तुमच्या वाट्याचा जमिनीचा अविभाजित हिस्सा चुकीच्या आकड्यावरून काढलेला असतो. भायली, सेवासीसारखी गावं 2020 मध्ये महापालिकेत आली. त्याआधीची रजाचिठ्ठी वुडाची (वडोदरा नगरविकास प्राधिकरणाची) आणि सुधारित नकाशा महापालिकेचा, असा प्रकार तिथे दिसू शकतो. दोन्ही मागा.

जमीन बिल्डरच्या नावावर नसेल, मालकाशी डेव्हलपमेंट अ‍ॅग्रीमेंट असेल, तर बानाखतावर मालकांच्याही सह्या हव्यात. "मालकांचं मुखत्यारपत्र आहे" म्हणाले तर ते नोंदलेलं आहे का, त्यात विक्रीचा आणि दस्त नोंदवण्याचा अधिकार स्पष्ट आहे का, आणि देणारे सगळे हयात आहेत का, हे तीन प्रश्न. देणारा वारला की साधं मुखत्यारपत्र संपतं. आणि नुसत्या मुखत्यारपत्रावर मालकी मिळत नाही, हे सुरज लँप प्रकरणात 2011 मध्येच ठरलंय.

शेवटी बोजा. प्रकल्पावर बँकेचं कर्ज असणं हा गुन्हा नाही, बहुतेकांवर असतं. सरसाईवर (गहाणांच्या केंद्रीय नोंदवहीत) थोडी फी भरून शोध घेता येतो. लागतं काय, तर त्या बँकेचं ना-हरकत पत्र, तुमच्या युनिटच्या नंबरसकट, आणि पैसे कुठल्या खात्यात भरायचे ते लिहिलेलं. सगळ्या प्रकल्पासाठीचं मोघम पत्र चालवून घेऊ नका.

वहीतलं पान

जबरदस्त प्रतिसाद, वाचनखूण साठवली.

पुण्या-मुंबईहून बदलीवर आलेल्यांसाठी शब्दांची गल्लत सांगतो, कारण दस्त गुजरातीत असतो आणि "वाचता येतं" म्हणत लोक सही करतात. आपलं साठेखत म्हणजे इथलं बानाखत, खरेदीखत म्हणजे वेचाण दस्तावेज. बिनशेती म्हणजे बिनखेती. गहाण म्हणजे गीरो. हक्कसोड म्हणजे हक्ककमी. फेरफार म्हणजे नोंध. भोगवटा प्रमाणपत्र म्हणजे बीयू परवानगी. बांधकाम परवाना म्हणजे रजाचिठ्ठी, तिचा सुट्टीशी संबंध नाही.

पिढ्यान्‌पिढ्या रावपुऱ्यात, दांडिया बाजारात राहिलेल्यांना हे सांगायची गरज नाही, पण त्यांची मुलं इंग्रजी माध्यमातली आहेत आणि गुजराती कायदेशीर भाषा त्यांनाही झेपत नाही. मसुदा इंग्रजीत आणि नोंदणीचा दस्त गुजरातीत असेल तर दोन्ही जुळतात का ते वकिलाकडून तपासून घ्या. नोंदवला जातो तो कागद खरा.

मुद्दल

आता पैशांचा हिशोब. इथेही वकील लागतो, अर्धा वकील आणि अर्धा सीए म्हणा हवं तर.

ब्रोशरमधला भाव सुपर बिल्टअपवर असतो. 1,450 चौ. फूट, भाव 3,600, म्हणजे 52,20,000. रेरा कार्पेट विचारा, समजा 826 निघालं. मग खरा भाव झाला चौ. फुटाला 6,320 च्या आसपास. दोन स्कीमची तुलना फक्त याच आकड्यावर करा. कार्पेटमध्ये आतल्या भिंती धरतात, बाहेरच्या भिंती, शाफ्ट, बाल्कनी आणि मोकळी गच्ची धरत नाहीत. करारात चौ.मी. मध्ये कार्पेट आणि बाल्कनी वेगवेगळं लिहिलेलं हवं, आणि मोजणीत फरक निघाला तर 3 टक्क्यांपुढचे पैसे कुणी कुणाला द्यायचे तेही.

मग जीएसटीची गंमत. बांधकाम चालू असताना दर 5 टक्के. परवडणाऱ्या घराला 1 टक्का, म्हणजे वडोदऱ्यासारख्या ठिकाणी कार्पेट 90 चौ.मी. पर्यंत आणि किंमत 45 लाखांपर्यंत. फ्लॅट 44 लाखांचा, बिल्डर सांगतो जीएसटी 1 टक्का, 44,000. पण 45 लाखांच्या मर्यादेत पार्किंग, डेव्हलपमेंट, पसंतीच्या जागेचे चार्जेसही धरले जातात. पार्किंगचे 2 लाख वेगळ्या पावतीने घेतले की एकूण झाले 46 लाख, दर 5 टक्के, कर 2,30,000. फरक 1,86,000, आणि उद्या नोटीस आली तर करारात असतं, "सर्व कर, आत्ताचे व पुढे निघणारे, खरेदीदाराच्या माथी." म्हणून सगळे चार्जेस एका अनेक्श्चरमध्ये रुपयांत लिहून घ्या आणि "याशिवाय काही नाही" ही ओळ खाली.

स्टॅम्प ड्युटी 4.9 टक्के, नोंदणी फी 1 टक्का. दस्तातली किंमत आणि जंत्री (सरकारी दर) यांत जे जास्त असेल त्यावर. 48 लाखांवर 2,35,200 आणि 48,000. घर फक्त बाईच्या नावाने असेल तर नोंदणी फी माफ. शेजारी नवऱ्याचं नाव घातलं की माफी गेली. किंमत 50 लाख किंवा जास्त असेल तर 1 टक्का टीडीएस कापून भरायची जबाबदारी तुमची, बिल्डरची नव्हे. विकणारा अनिवासी असेल (आपल्याकडे हे फार) तर हा 1 टक्क्याचा नियम लागतच नाही, कपात बरीच जास्त असते. सौद्याआधी सीएला विचारा.

निळी छत्री

एक शंका. बीयू आल्यावर घेतलं तर जीएसटी नाही हे बरोबर ना? मग बीयूच्या महिनाभर आधी फक्त टोकन देऊन ठेवलं तर?

मुद्दल

तर फसलात. सगळी रक्कम बीयूनंतर दिली असेल तरच सूट. आधी 51,000 जरी दिले तरी पूर्ण किमतीवर जीएसटी येतो. "टोकन घेतो, पावती नंतरच्या तारखेची देतो" हेही करू नका, बँक ट्रान्सफरची तारीख बदलत नाही.

टीकाकार

बरं, पटलं. पण मी डुप्लेक्सवाल्यांचं बघतोय. तिथे बानाखतच नसतं, थेट प्लॉटचा दस्तावेज करून देतात. ते तर जास्त सुरक्षित नाही का?

चौकडी

दिसायला सुरक्षित. आत बघा.

बंगला किंवा डुप्लेक्स 70 लाखांचा. प्लॉटचा दस्तावेज 22 लाखांचा, नोंदवलेला. उरलेले 48 लाख 'बांधकाम करार' नावाच्या साध्या, न नोंदवलेल्या कागदावर, कधी दुसऱ्याच फर्मच्या नावाने. ताबा लांबला, काम खराब निघालं की प्लॉट विकणारा म्हणतो "मी जमीन दिली, माझं काम संपलं" आणि बांधणारा म्हणतो "मी प्रमोटरच नाही, कंत्राटदार आहे." बँकही मग कर्जाचे दोन भाग पाडते.

वकिलाने करायचं ते असं: रेरा नोंदणी प्लॉटच्या स्कीमची आहे की बांधलेल्या घरांची ते बघणं. दोन्ही करारांत एकमेकांचा उल्लेख घालणं. ताब्याची तारीख, स्पेसिफिकेशन आणि पूर्ण 70 लाखांचा आकडा नोंदवलेल्या करारात आणणं. दोन फर्म असतील तर दोघांचीही संयुक्त जबाबदारी लिहून घेणं. आणि अंतर्गत रस्ते, कॉमन प्लॉट सोसायटीला कधी देणार त्याची तारीख.

पिंपळपार

हप्त्यांबद्दल कुणी लिहिलं नाही. महिन्याच्या तारखेला जोडलेले हप्ते घेऊ नका. प्लिंथ, ठरावीक स्लॅब, चणाई (वीटकाम), प्लास्टर, फ्लोअरिंग असे कामाला जोडलेले हवेत, आणि मागणीपत्रासोबत इंजिनिअर किंवा आर्किटेक्टचं प्रमाणपत्र. शेवटचे 5 टक्के ताब्यासाठी राखून ठेवा. बीयू आधी, पैसे मग.

"फर्निचर करायला चावी देतो" हा प्रकारही टाळा. चावी घेताना ज्या कागदावर सही घेतात त्यावर "ताबा मिळाला, कोणतीही तक्रार नाही" असं असतं. बीयू नाही, कायमचं वीज मीटर नाही, ड्रेनेजचं जोडणीपत्र नाही, आणि कागदोपत्री उशीर मात्र त्या दिवशी संपलेला.

बिनखेती

रोख रकमेबद्दल दोनच ओळी. स्थावराच्या सौद्यात 20,000 किंवा जास्त रोख घेणं आयकर कायद्यात मना आहे, दंड तेवढाच. तो दंड घेणाऱ्यावर, पण तुमचं नुकसान वेगळं: सौदा मोडला किंवा रेरात गेलात तर दस्तात नसलेला पैसा तुम्ही दिलाच नाही. परतावा, व्याज, सगळं कागदावरच्या रकमेवरच.

वहीतलं पान

वकील निवडायचा कसा, हेही सांगा कुणीतरी. बडोदं लहान आहे, अर्धे वकील अर्ध्या बिल्डरांचं काम करतात.

सूरसागर

पहिला प्रश्न हाच: "या बिल्डरचं, या जमीनमालकाचं किंवा या बँकेचं काम तुम्ही करता का?" करत असतील तर नमस्कार करून बाहेर. राग मानत नाहीत, चांगला वकील स्वतःच सांगतो.

मग काम तीन तुकड्यांत ठरवा आणि फी प्रत्येकाची वेगळी, लेखी: टायटलचा शोध आणि त्याच्या सहीचा लेखी अभिप्राय, मसुदा वाचून कलमनिहाय आक्षेपांची यादी, नोंदणीच्या दिवशी हजेरी. "सगळं बघून घेतो" असं सांगणाऱ्याकडून शेवटी अर्ध्या पानाचं "टायटल क्लिअर" पत्र मिळतं. अभिप्रायात बघितलेल्या प्रत्येक नोंधीचा क्रमांक हवा. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देऊन हरकती मागवायच्या का, तेही त्यालाच ठरवू द्या. जुन्या शहरात घेत असाल तर अशांत धारा (गुजरातचा मालमत्ता हस्तांतरणावर बंधन घालणारा कायदा) लागू असलेला भाग आहे का ते आधी बघा. तिथे दस्ताआधी कलेक्टरची परवानगी लागते, नसेल तर व्यवहारच टिकत नाही.

वकील जे बघत नाही तेही ध्यानात ठेवा. ऑगस्ट 2024 ला विश्वामित्रीचं पाणी कुठवर आलं होतं ते 7/12 वर लिहिलेलं नसतं. बेसमेंट पार्किंग असेल तर आसपासच्या दुकानदारांना भिंतीवरची खूण दाखवायला सांगा, प्लिंथची उंची त्याच्याशी ताडून बघा.

निळी छत्री

आणि ताबा घेतल्यावर भिंतीला भेगा, बाथरूममधून गळती वगैरे?

मुद्दल

ताब्यापासून 5 वर्षं. बांधकामाचा, कारागिरीचा, दर्जाचा दोष लेखी कळवला की बिल्डरने 30 दिवसांत स्वखर्चाने दुरुस्त करायचा, नाही केला तर भरपाई. करारात "1 वर्ष वॉरंटी" लिहिलेलं असेल तर ते खोडून घ्या. गळतीचा फोटो तारखेसकट आणि कळवणं ईमेलने, फोनवर सुपरवायझरला सांगितलेलं कुठेच राहत नाही.

पिंपळपार

नोंदणीच्या दिवसाचं राहिलं. गरवीवर (गुजरातच्या दस्तनोंदणीच्या साईटवर) वेळ घेऊन जाता, फोटो, अंगठे, दोन ओळख देणारे. गर्दी असते आणि ऑपरेटर स्क्रीन फिरवून विचारतो, "बराबर छे?" लोक नाव बघतात आणि हो म्हणतात. बघायचं ते: कार्पेट चौ.मी. मध्ये, एफपी क्रमांक, मजला आणि युनिट, पॅन, आणि चतुःसीमा. पूर्वेला फ्लॅट 402 आणि पश्चिमेला रस्ता, हे उलट टाइप झालेलं अगदी नेहमी सापडतं. एकदा नोंदलं की चूकदुरुस्तीचा वेगळा लेख करावा लागतो, सगळ्यांच्या पुन्हा सह्या, आणि ताबा देऊन मोकळा झालेला बिल्डर त्यासाठी लवकर सापडत नाही. घरी आल्यावर इंडेक्स-2 काढून तेच पुन्हा ताडा.

नावं आधार आणि पॅनवर आहेत तशीच हवीत. बायकांच्या बाबतीत माहेरचं की सासरचं हे आधीच जुळवून घ्या. आणि नवीन आलेल्यांनी घाबरू नये, गुजराती फॉर्मात 'अटक' या रकान्यात आडनाव लिहायचं असतं.